विरजणातलं कडं

डोंबिवली पूर्व
४ नोव्हेंबर

केतन,

पत्र बघून हसशील. हस. माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस, तर मी आणखी काय करणार होते?

आधी कामाचं. आईचं विरजण तुझ्याकडे आहे, ते काढून टाक. नुसतं सिंकमध्ये ओतू नकोस. पातेल्यात घालून चांगलं खळखळून उकळ आणि मग टाक. तो दह्याचा सट, चमचा, रवी, ज्याला ज्याला म्हणून ते दही लागतं ते सगळं उकळत्या पाण्यातून काढ. समूला त्यातला एक चमचाही आता देऊ नकोस.

तुझ्या लेकीची केमो सुरू झालीय हे मला आपल्या खालच्या गोदाकाकूंकडून कळलं. सख्ख्या आत्याला ते शेजारणीकडून कळावं ह्याचं वाईट वाटलं, पण ते जाऊ दे. काकू असंही म्हणाल्या की पोरीला दुसरं काही तोंडात धरवत नाही, फक्त मऊ भात आणि आजीचं दही. डॉक्टरांनी बाहेरचं काही द्यायचं नाही म्हणून बजावलंय आणि तुम्ही नवरा-बायको ते अगदी कसोशीनं पाळताय. घरच्या दह्याला कोण बाहेरचं म्हणेल? मीही म्हटलं नसतं.

मी ते दही आमच्या लॅबमध्ये तपासलंय. चांगलं नाही, एवढंच समज. कारण विचारू नकोस. ह्या एका गोष्टीत माझं ऐक आणि मग हवं तर जन्मभर बोलू नकोस. मला चालणार नाही, पण चालवून घेईन.

ताई


डोंबिवली पूर्व
११ नोव्हेंबर

केतन,

माझं पत्र परत आलं. पोस्टमननं पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असं लिहून दिलंय, अक्षर छान आहे त्याचं. ते पत्र ह्याच पाकिटात घातलंय. ह्या वेळी पत्ता छापून घेतला आणि तुझ्या ऑफिसला पाठवतेय. बँकेचं काहीतरी असेल समजून उघडशील.

काल मी वर्तकनगरला आले होते हे तुला माहीत आहेच, कारण सेफ्टी डोअरच्या आत तूच उभा होतास. जाळीतून तुझे फक्त डोळे आणि दाढी दिसत होती. बारीक झालायस. मी दह्याचं बोलले तर ‘आता दह्यावर पण रिपोर्ट काढलास का गं?’ असं म्हणालास आणि लाकडी दार लावून घेतलंस. आतून समूचा आवाज येत होता. ती कार्टूनबरोबर गाणं म्हणत होती, तर मी जिन्यात थोडी बसले. मग वॉचमन वर आला.

समूच्या वॉर्डमध्येही फोन केला. तिथल्या सिस्टर चांगल्या बोलल्या, पण आईवडिलांनी सांगितल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे. म्हणजे फिरून तुझ्यापाशीच यावं लागतंय, आणि तू कारण दिल्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीस हे तुझ्या चौथीपासून मला माहीत आहे. तर कारण ऐक.

आई गेली ती पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर रक्तात जंतू शिरून. स्मशानात तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, ‘तू दिवसभर जंतूच वाढवतेस ना? मग तुला कसं कळलं नाही?’ त्यावर मला आज वाद घालायचा नाही. पण आईच्या रक्तातला तो जंतू आमच्याच लॅबला तपासायला आला होता. रिपोर्ट गेल्यावर आम्ही असे नमुने फेकून देतो. तो मी फेकला नाही, फ्रीझरमध्ये ठेवला. का ठेवला ते मला सांगता येत नाही. तिचं दुसरं काही माझ्या हातात उरलं नव्हतं.

एंटरोकॉकस त्याचं नाव. हा जंतू माणसाच्या आतड्यातही राहतो आणि दुधादह्यातही, आणि एरवी कुणाचं वाकडं करत नाही. पण आईच्या जंतूत एक प्लाझमिड होतं. जंतूची मुख्य जनुकं असतात त्यांच्यापासून वेगळं, छोटंसं, गोल. कडं म्हण, आम्ही लॅबमध्ये तेच म्हणतो. हे कडं जंतूच्या मालकीचं नसतं. ते त्याच्याकडे वस्तीला असतं. एका जंतूतून दुसऱ्यात जातं, जाताना मागे आपली प्रत ठेवून जातं, आणि ज्याच्यात शिरतं त्याला औषधं पचवायला शिकवतं. आईला शेवटी जे राखून ठेवलेलं इंजेक्शन दिलं, ते ह्या कड्यामुळे वाया गेलं.

दिवाळीनंतर सहज म्हणून मी घरचं दही लॅबमध्ये नेलं. खरं म्हणजे सहज नाही. पावसाळ्यापासूनच दही फार लवकर लागायला लागलं होतं. सकाळी विरजलं की दुपारी जेवायच्या आत सुरीनं कापावं असं घट्ट, आणि तेही पावसाळी गारठ्यात. चव मात्र तीच, आईची. त्या दह्यात तो जंतू आहे, आणि त्याच्यात ते कडं आहे.

एक गोष्ट मला ह्या कामात पहिल्यापासून आवडायची, आता तिची भीती वाटते. ज्या जंतूकडे कडं नसतं, तो हाक मारतो. एक बारीकसा पदार्थ तो बाहेर सोडत राहतो. जवळपास कुणी कडंवाला असला तर त्याला ती हाक कळते, त्याचं अंग चिकट होतं, तो जाऊन ह्याला बिलगतो आणि कडं देतो. मिळालं की हाक बंद. कोणी कुणावर हल्ला करत नाही. ज्याच्याकडे नाही तोच बोलावतो.

समूच्या अंगात सध्या पांढऱ्या पेशी किती आहेत हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तुझ्या-माझ्यासारख्याच्या पोटात हे दही गेलं तर काही होत नाही. तिचं तसं नाही. दही बंद कर.

ताई


डोंबिवली पूर्व
१९ नोव्हेंबर

केतन,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. ‘आईला हातातून घालवलंस, आता तिचं जे एक जिवंत उरलंय तेही मला उकळून टाकायला सांगतेस. माझी मुलगी दुसरं काही खात नाही. तुझा माणसांपेक्षा जंतूंवर जास्त विश्वास आहे.’ मी पाठ केल्या आहेत.

जिवंत उरलंय म्हणतोस ते खरं आहे. त्यामुळेच मागच्या पत्रात मी तुझ्यापासून अर्धी गोष्ट लपवली. तुला वाचवण्यासाठी नाही, मलाच ती लिहवत नव्हती.

आई विरजण कसं लावायची आठव. दूध उकळायचं, निववायचं, आणि कोमट झालं का ते करंगळी बुडवून बघायचं. चटका बसला तर थांबायचं, गार लागलं तर उशीर झाला. तिची आई तसंच करायची, मी तसंच करते, तुझी हेमालीही तसंच करत असणार. आपल्याकडे दुधाला थर्मामीटर कोणी लावलाय?

दोन वर्षांपूर्वी आईला लघवीचा त्रास झाला होता. तो नमुनाही आमच्याकडेच आला होता, आणि त्यातला जंतू लॅबच्या जुन्या साठ्यात नेमका उरला होता. त्या वेळच्या जंतूत एक लहान कडं होतं. औषधं पचवणारं, पण एका जागी बसून राहणारं. त्याला दुसऱ्याकडे जाता येत नव्हतं. आपल्या विरजणात त्याच्याआधीपासून एक वेगळं कडं होतं, साधं, दुधातली साखर खायला मदत करणारं. ते निरुपद्रवी होतं, पण त्याला हाक ऐकू यायची आणि चिकटता यायचं. पुण्याच्या माझ्या मैत्रिणीनं ही दोन्ही कडी अक्षर न् अक्षर वाचून दिली. दोघांमध्ये एक छोटा तुकडा अगदी सारखा होता. अशा सारख्या तुकड्यापाशी दोन कडी एकमेकांना लागली की कधीकधी दोन्ही उघडतात आणि मिळून एकच मोठं कडं होतं. औषधं पचवणारं आणि हाकेला जाणारं.

आईच्या रक्तात जे सापडलं ते हे मोठं कडं होतं. त्यात दुधाची साखर खायचा तुकडा होता, केतन. माणसाच्या रक्तात दुधाची साखर नसते. त्या जंतूला तिथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी तो होता, कारण ते कडं जुळलं तेच आपल्या सटात.

करंगळीवरून तिचं लहान कडं दह्यात गेलं, तिथे मोठं झालं, आणि रोजच्या ताकभातातून परत तिच्याकडे आलं. आईला तिच्याच दह्यानं मारलं असं मी म्हणत नाही. ऑपरेशन झालं, वय होतं, नशीब म्हण. पण जे आलं ते कुठून आलं हे मला आता माहीत आहे आणि ते माहीत असताना मला ह्या स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.

आणखी सांगते. गेल्या आठवड्यात मी आईचं विरजण ज्यांच्या ज्यांच्याकडे गेलंय त्यांच्याकडे हिंडले. तिचा नियम तुला माहीत आहे, दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही आणि त्याआधी मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. त्यामुळे ते कुठवर गेलंय ते ऐकून तुला धक्का बसेल. गोदाकाकूंकडून त्यांच्या शहाडच्या मुलीकडे, दिवा स्टेशनजवळच्या नणंदेकडे, तिथून तिच्या मजल्यावर सगळीकडे. मी वाटीभर दही मागितलं की बायका खूश होतात. ‘मनुवहिनींचंच आहे गं, जिवापाड जपलंय,’ असं आईचं नाव घेऊन म्हणतात आणि चमचा शोधतात. दिव्याला पाणी आलं नव्हतं, तर त्या बाईनं पिण्याच्या पाण्यातला अर्धा पेला घेऊन माझ्यासाठी वाटी विसळली. तिला मी काय सांगणार होते?

गोदाकाकू म्हणाल्या, ‘डोळे मिटून खाल्लं ना, की वाटतं मनुवहिनी शेजारी बसल्यात. मागं माझं संपलेलं, तर मी दिव्याहून परत आणलेलं. आपलं माणूस कसं, घरी परत आलंच पाहिजे.’

प्रत्येक घरच्या दह्यात कडं सापडलं. कुठेही ते आपल्यासारखं नाही. शहाडच्याला एक नवा तुकडा लागलाय, दिव्याच्यातला एक गळून दुसराच बसलाय. घराघरांत लोक करंगळी बुडवतायत आणि ते प्रत्येकाकडून थोडं थोडं घेतंय. मैत्रिणीनं ते सगळे नकाशे एकाखाली एक लावून पाठवले. मी बघत बसले आणि मला वाटलं, हे सगळे एकाच घरातले चेहरे आहेत. मी अशी बोलणारी बाई नाही, तुला माहीत आहे.

आता तुझं ‘जिवंत उरलंय’ घे. हे कडं दोन वस्तू बनवतं, एक विष आणि एक त्याचा उतारा. विष टिकाऊ असतं, उतारा लवकर विरतो, सतत नवा लागतो. एका जंतूचे दोन होताना ज्या पिल्लाच्या वाट्याला कडं आलं नाही, त्याच्या अंगात जुनं विष उरतं आणि उतारा मिळत नाही. ते मरतं. कड्याला सोडून कुणाला जाता येत नाही, ते अशी सोय करून ठेवतं. माया वगैरे काही नाही रे त्यात. ते आई नाही. ते आईकडून आलंय, एवढंच.

समूला ते देऊ नकोस. मी तुझ्या पाया पडते. मोठी बहीण पाया पडली तर तुला पाप लागेल, तेव्हा तेवढ्यासाठी तरी.

ताई


डोंबिवली पूर्व
२ डिसेंबर

केतन,

हेमालीचा फोन आला. ‘ताई, केतनने सांगितलं नाहीये फोन करायला, पण अडवलं पण नाही. समोरच बसलाय.’ मग तिनं सांगितलं की तू स्वतः ते दही उकळलंस, सट फोडून टाकलास आणि रात्री जेवला नाहीस. डॉक्टरांना माझी पत्रं नेऊन दाखवलीस. त्यांनी समूची तपासणी करून घेतली आणि तिच्यात अजून तरी काही सापडलं नाही. पुन्हा बघणार आहेत, पण त्यांना काळजी वाटत नाही.

फोन ठेवल्यावर मी ओट्याला टेकून रडले. आई गेली तेव्हा मी इतकी रडले नव्हते. तेव्हा तू रडत होतास, कुणीतरी कोरडं राहायला हवं होतं.

समू आता काय खाते? हेमाली म्हणाली की उकडलेल्या बटाट्यावर मीठ घालून दिलं तर खाते. आईला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, पोरगी आजोबांवर गेली. आपले बाबा, भिवाजीराव, पंगतीत वरण-भात सोडून बटाट्याची भाजी मागायचे.

मीही आमचं टाकलं. सकाळी पातेल्यात ओतलं आणि गॅस मोठा केला. दही फाटलं, पाणी वेगळं झालं आणि घरभर तो वास पसरला, तू शाळेतून आल्यावर आई ताक घुसळत असायची ना, तो. गोदाकाकू वास आला म्हणून वर आल्या. पातेल्यात बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांना मी सगळं सांगितलंय. त्या त्यांचं टाकणार नाहीत. ‘माझं वय काय आता, मला काय होणार? आणि सगळ्यांनीच टाकलं तर वहिनी राहिल्या कुठं?’ असं म्हणाल्या. शहाडला, दिव्याला मी पुन्हा जाऊन सांगून आले. बायकांनी ऐकून घेतलं. टाकलं की नाही, देव जाणे.

तुला वाईट वाटतंय हे मला कळतं. मलाही वाटतंय. पण समू वाचली तर मला दुसरं काही नको.

ताई


डोंबिवली पूर्व
२१ डिसेंबर

केतन,

तुझं पत्र आलं. आठ वेळा तरी वाचलं असेल. ‘ताई, झालं गेलं. समू आत्या कधी येणार विचारते. तिच्या दोन केमोच्या मध्ये दहा-बारा दिवस ती घरीच आहे. ये, चार दिवस राहा. मी स्टेशनवर घ्यायला येतो.’ वर नंबर अनब्लॉक केलाय म्हणून लिहिलंयस, तरी मी पत्रच लिहितेय. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

मी बॅग भरली होती. समूसाठी लोकरीची टोपी घेतली, निळी, आतून मऊ. तिच्या डोक्याला टोचू नये म्हणून दुकानातल्या सगळ्या टोप्या गालाला लावून बघितल्या. दुकानदार वैतागला.

मग निघण्याआधी खात्री करावी म्हणून एक गोष्ट केली. आमचं जुनं विरजण टाकल्यावर मी बाजारातून नवा सट आणला, नवा चमचा, पिशवीचं दूध आणि दुकानातलं दही. ह्या घरातलं जुनं काहीएक त्याला लागू दिलं नाही. दोन-तीन दिवस त्याच विरजणाचं लावत गेले. तिसऱ्या दिवशी दही दुपारच्या आत लागलं. घट्ट, सुरीनं कापावं असं. मी चाखलं आणि चमचा खाली ठेवला. मला चव ओळखू आली.

लॅबमध्ये नेलं. कडं होतं.

दूध कोमट झालं का ते मी करंगळीनं बघितलं होतं. मनात काही नव्हतं, हात आपोआप गेला.

मग मी माझी स्वतःची तपासणी केली. ते माझ्यात आहे. बहुधा कितीतरी दिवसांपासून आहे. मला काही होत नाही, ताप नाही, दुखणं नाही, भूकही नेहमीसारखी लागते. पुण्याच्या मैत्रिणीनं माझ्यातलंही वाचून पाठवलं. आईच्या कड्याहून ते मोठं आहे. आईचे सगळे तुकडे जिथल्या तिथे आहेत आणि त्यांच्या पुढे एक नवा आहे. तो कुठून आला, काय करतो, कुठल्याच नोंदीत सापडत नाही. मैत्रीण म्हणाली, ‘असं काही मी आधी पाहिलेलं नाही गं.’ उत्साहानं म्हणाली, तिचं कामच ते. मी फोन ठेवला आणि खूप वेळ माझ्या हाताकडे बघत बसले.

ह्यावर गोळी नाही. कधी ते आपोआप जातं, महिन्यांनी, वर्षांनी. कधी जात नाही.

तुझ्या डॉक्टरांना विचारलंस तर ते म्हणतील, येऊ द्या त्यांना, नुसती हातांची नीट काळजी घेतली की झालं. ते बरोबरच सांगतील. मी लॅबमध्ये नव्या मुलींना हेच शिकवते. मला फार यायचंय रे. समूच्या डोक्यावरून हात फिरवायचाय. तू स्टेशनबाहेर कसा उभा असशील, कुठला शर्ट घालशील, तेही माझ्या डोळ्यांसमोर आलंय. पण मी येत नाही. टोपी कुरिअरनं पाठवतेय, हातमोजे घालून पॅक केलीय, तरी तू गरम पाण्यातून काढ. समूला सांग, आत्याला सर्दी झालीय.

तू रागावशील, इतकी काय घाबरतेस, हात धुऊन ये म्हणशील. केतन, आईसुद्धा विरजण लावायच्या आधी दर वेळी साबणानं हात धुवायची.

ताई